आईला करोडपतीत जायचंय, जनरल नॉलेजसाठी पुस्तकं सुचवा

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

तर विषय आईचा आहे. वय ५४, बारावी झाली आणि लगेच लग्न, नोकरी कधी केली नाही. पण केबीसी २००० साली सुरू झालं तेव्हापासून तिने एक भाग चुकवला असेल तर शपथ, मधला शाहरुखचा सीझनसुद्धा नाकं मुरडत का होईना बघितला. पहिल्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं पर्याय यायच्या आत सांगते आणि मग बाबांकडे अशी बघते की बाबा उठून पाणी प्यायला जातात. २०१९ ला अमरावतीकडच्या बबिता ताडे, ज्या शाळेत खिचडी शिजवायचं काम करायच्या, त्या एक कोटी जिंकल्या, तेव्हापासून तर हिने मनावरच घेतलंय. रजिस्ट्रेशनच्या प्रश्नांची उत्तरं दरवर्षी न चुकता पाठवते. हिंदी असो नाहीतर मराठी, तिला कुठलंही चालेल.

आता अडचण अशी की पुराणं, सणवार, जुनी गाणी, मराठी लेखक-कवी ह्यात तिला हरवणं अवघड आहे, पण भूगोल, विज्ञान, खेळ, संविधान आणि भारताबाहेरचं काहीही म्हटलं की सगळा अंधार. मी एक दहा हजार प्रश्नोत्तरांचं जाडजूड गाईड आणून दिलं होतं. आठ दिवस नेटाने वाचलं, नवव्या दिवशी म्हणाली, "अगं हे म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी पाठ करण्यासारखं आहे, नाव नंबर, नाव नंबर, ओळख कुणाशीच होत नाही." सध्या ते गाईड पापडाच्या डब्याखाली आहे.

मराठीत असतील आणि फार बारीक टाइप नसेल अशी पुस्तकं सुचवा प्लीज. हिंदी वाचते, इंग्रजी हळूहळू वाचते.

निवृत्त_खडू:
ताई, पुस्तकं विकत घेऊ नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं वाचायला द्या. थट्टा करत नाहीये, ३१ वर्षं इतिहास-भूगोल शिकवलाय आणि आता घरी बसून हेच कार्यक्रम बघतो, त्यामुळे दोन्हीकडचं बोलतोय. ह्यातले बरेचसे प्रश्न सहावी ते दहावीच्या पुस्तकात कुठे ना कुठे आलेले असतात. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात, मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणजे टाइपाचाही प्रश्न मिटला.

पण सुरुवात सहावीपासून करायची. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मराठ्यांचा काळ, आठवीला इंग्रजी राजवट आणि स्वातंत्र्यलढा, नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत. आणि दहावीचं इतिहासाचं पुस्तक तर तुमच्या आईसाहेबांसाठीच काढल्यासारखं आहे, त्यात राजे-लढाया नाहीतच जवळपास, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन असे धडे आहेत. 'दर्पण' १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलं, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, ही असली माहिती एका गोष्टीत ओवलेली मिळते. मुलं ह्या पुस्तकाला कंटाळतात, मोठी माणसं वाचायला घेतली की सोडत नाहीत असा माझा अनुभव. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवलंय, ते वाचलं की अर्ध्या दक्षिण अमेरिकेची भीती जाते.

दुसरं म्हणजे अ‍ॅटलास. शाळेतला साधा चालेल, पण तो कपाटात नको, टीव्हीशेजारी हवा. बातमीत गाव आलं की शोधायचं. कर्कवृत्त भारतातल्या आठ राज्यांतून जातं हे पाठ केलं तर चार दिवसात विसरतं, एकदा बोट फिरवून गुजरातपासून मिझोरामपर्यंत गेलं की नाही विसरत. उत्तरेकडून दक्षिणेकडे नद्या लावा असा प्रश्न आला तर तापी, गोदावरी, कृष्णा, कावेरी ही ओळ डोळ्यापुढे दिसली पाहिजे, आठवावी लागता कामा नये. इतिहासाचंही तेच. पुरंदरचा तह, राज्याभिषेक, पानिपत, वसईचा तह ह्यांचा क्रम लावायला १६६५, १६७४, १७६१, १८०२ हे आकडे लागत नाहीत, गोष्ट माहिती असली की पुरे.

बझर_दाबला_की:
सरांना +१, आणि काकूंचा टेलिफोन डिरेक्टरीवाला डायलॉग मी चोरणार आहे, आमच्या क्विझच्या ग्रुपवर टाकतो.

मी पुण्यात कॉलेजपासून क्विझिंग करतोय (सीओईपीच्या बोट क्लब क्विझ क्लबच्या क्विझेसना मागच्या बाकावर बसून शिकलो, जिंकलो फार कमी वेळा). तर आमच्यात एक गोष्ट सगळे मानतात की जीकेची पुस्तकं वाचून क्विझ जिंकता येत नाही. उत्तर माहिती असणं वेगळं आणि उत्तरापर्यंत पोचणं वेगळं. एक उदाहरण देतो. २०११ ला बिहारच्या मोतीहारीचा सुशील कुमार पाच कोटी जिंकला, त्याचा शेवटचा प्रश्न होता की १६ ऑक्टोबर १८६८ ला निकोबार बेटांचे हक्क ब्रिटिशांना विकून कुठल्या वसाहतवादी सत्तेने भारतातला आपला कारभार संपवला. उत्तर डेन्मार्क. आता हे कोण पाठ करून ठेवतं? पण जरा थांबून विचार करा. पोर्तुगीज १९६१ पर्यंत गोव्यात होते, म्हणजे ते नाहीत. फ्रेंच १९५४ पर्यंत पाँडिचेरीत, ते पण नाहीत. डचांनी १८२४ च्या तहातच इथला गाशा गुंडाळला. मग राहिलं कोण? ज्याला तरंगमबाडीला डॅनिश किल्ला आहे एवढं कुठेतरी वाचलेलं आठवतंय तो इथे सुटला. ही चार वाक्यं चार वेगवेगळ्या ठिकाणची आहेत आणि ती डोक्यात एकमेकांशेजारी बसायला गाईड उपयोगाचं नाही, चवीने वाचायची सवय लागते.

त्यामुळे काकूंना माझ्याकडून पुस्तक एकच, कोरी वही. रोजच्या पेपरातून पाच गोष्टी, त्यातली एक तरी भारताबाहेरची, प्रत्येकीपुढे 'हे आधी कुठे ऐकलंय' असा एक कॉलम. आणि पेपरातली निधनवार्ता वाचायला सांगा, ऐकायला विचित्र वाटतं पण माणूस गेला की त्याचं अख्खं आयुष्य एका कॉलमात छापून येतं, जन्म, गाव, पुरस्कार, पहिला सिनेमा, आत्मचरित्राचं नाव, सगळं. प्रश्न काढणारे पण तेच वाचतात. नोबेलचा ऑक्टोबरमधला आठवडा आणि २५ जानेवारीची पद्मची यादी तेवढी सोडायची नाही.

अजून एक फुकटचं पुस्तक, पाकीट. दहाच्या नव्या नोटेवर कोणार्कचं चाक, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरवर पाटणची रानी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. रोज हाताळतो आणि कुणालाही विचारा, दोनशेवर काय आहे, गप्प. नोटेवर एकूण किती भाषा असतात तेही विचारा बाबांना. (१७. पॅनेलवरच्या १५ आणि हिंदी, इंग्रजी.)

तिसरा_अटेम्प्ट:
वरच्या दोघांचं पटतंय पण गाईडला एवढंही झोडपू नका राव. मी एमपीएससी करतोय, आमचं अर्धं आयुष्य गाईडवर आहे. रजिस्ट्रेशनचे आणि पहिल्या चाळणीचे प्रश्न सरळसोट असतात, सगळ्यात मोठं, सगळ्यात लांब, पहिला, पहिली. तिथे चवीने वाचलेलं आठवेपर्यंत वेळ संपलेला असतो. गाईड शेवटच्या महिन्यात उजळणीला वापरायचं, पहिल्या दिवशी नाही, एवढंच. काकूंनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली म्हणून डोकं उठलं.

गाईड घेताना आवृत्तीचं साल बघा मात्र. रस्त्यावर स्वस्तात मिळतात त्यात अजून नियोजन आयोग चालू आहे (१ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला), राज्यं २९ आहेत (आता २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश, २०२० पासून), महाराष्ट्रात जिल्हे ३५ (पालघर २०१४ ला झाला, ३६). औरंगाबाद-उस्मानाबादच्या नव्या नावांचं तर सोडाच. आणि काही चुका अशा आहेत की नव्या आवृत्तीतसुद्धा तशाच उतरतात, कारण सगळे एकमेकांचं कॉपी करतात. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, हे बघा छापलेलं असेलच. सरकारने कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही, २०१२ मध्ये माहिती अधिकारात क्रीडा मंत्रालयाने तसं लेखी उत्तर दिलंय. हिंदी राष्ट्रभाषा हे पण तसंच, कलम ३४३ मध्ये शब्द राजभाषा आहे.

संविधानाला घाबरायचं काही कारण नाही, पण ते सोडूही नका. पहिला करोडपती हर्षवर्धन नवाथे, आपला मुंबईचा, २००० ला. त्याचा एक कोटीचा प्रश्न संविधानावरच होता, संसदेचा सदस्य नसताना कामकाजात भाग घ्यायची परवानगी कुणाला, त्या धाटणीचा. उत्तर अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे महान्यायवादी. कलम ८८. तो तेव्हा यूपीएससीचा अभ्यास करत होता म्हणून त्याला सहज गेलं असेल. काकूंसाठी आठवी ते दहावीची राज्यशास्त्राची पानं भरपूर झाली, आमच्यासारखे ठोकळे नकोत.

चालू घडामोडींसाठी 'लोकराज्य' आणि केंद्राच्या प्रकाशन विभागाचं 'योजना', दोन्ही मराठीत निघतात. 'योजना' थोडं कोरडं आहे, खोटं कशाला बोलू. मनोरमा इयरबुक चांगलं, पण मराठीत येत नाही, हिंदीतलं घ्या, आणि ते पहिल्या पानापासून वाचायचं नसतं, मधूनच उघडायचं.

कृष्णाकाठची:
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. @तिसरा_अटेम्प्ट, पापडाचा डबा उचलून बघितलं. हॉकी आहे. जिल्हे ३५ आहेत. आई म्हणाली बरं झालं पाठ केलं नाही.

सर, दहावीचं पुस्तक मोबाइलवर उघडून दिलं पण तिला हातात कागद लागतो, मोबाइलवर वाचताना मध्येच बहिणीचा व्हिडिओ कॉल येतो आणि दर्पण तिथेच राहतं. शेजारच्या काकूंच्या मुलाचं मागून आणलंय.

@बझर_दाबला_की, निधनवार्तेचं सांगितलं तर म्हणाली ते मी आधीपासूनच वाचते, फक्त त्याला अभ्यास म्हणतात हे माहिती नव्हतं.

माजघरातून:
माझं वय तुझ्या आईएवढंच आहे गं, म्हणून जरा वेगळं सांगते. सगळे तिला जे येत नाही तेच शिकवायला निघालेत. जे येतं ते आधी पक्कं आहे का ते बघा. पुराणं येतात म्हणजे गोष्टी येतात, आणि हे लोक गोष्ट विचारत नाहीत, नाव विचारतात. गीतेचा पहिला अध्याय आपण कितीदा म्हटलाय, पण भीमाचा शंख कुठला विचारलं तर? कृष्णाचा पांचजन्य आणि अर्जुनाचा देवदत्त येतो सगळ्यांना. भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक, पंधरावा आणि सोळावा श्लोक, रोज तोंडाने म्हणतो आणि कानावरून जातो. पर्वं अठरा हे माहिती, पण भीष्मपर्व सहावं हे बोटं मोजल्याशिवाय सांगता येतं का? ह्यासाठी महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश बघायला सांग, दहा खंड आहेत, विकत घ्यायची गरज नाही, जुन्या चांगल्या वाचनालयात असतो. आमच्याकडे ग्रंथपाल घरी नेऊ देत नाहीत, मी दुपारी दोन तास तिथे जाऊन बसते, पंखा पण चांगला आहे तिथला.

साहित्याचंही तसंच. ज्ञानपीठवाले चौघं तिला येत असतील, खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. पण सालं? १९७४, १९८७, २००३, २०१४. क्रम विचारला की सालाशिवाय गत्यंतर नाही. भारतरत्नात धोंडो केशव कर्वे १९५८, पां. वा. काणे १९६३, ही आपली माणसं आधी.

आणि शेवटचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एका क्विझच्या ऑडिशनपर्यंत गेले होते, कुठल्या ते जाऊ दे. प्रश्न सोपा होता, उत्तर येत होतं, आणि स्क्रीनवर बोट लागेना. हात थरथरत होते, दोनदा भलत्याच पर्यायावर पडलं. घरी येऊन जावयाने मोबाइलवर घड्याळ लावून सराव घेतला तेव्हा कळलं की वाचन करून निम्मंच होतं. तर तिला रोज दहा प्रश्न घड्याळ लावून विचार, आणि तू विचार, बाबांना विचारायला लावू नकोस, भांडणं होतात.

फुकट_सल्लागार:
पुस्तकांचं ज्यांना कळतं त्यांनी सांगितलंय. मी एवढंच सांगतो की 'केबीसीत तुमचा नंबर लागलाय, २५ लाखांची लॉटरी लागलीय' असा व्हॉट्सअ‍ॅप किंवा फोन आला तर कट करा. अर्ज दरवर्षी भरणाऱ्याला असा फोन खरा वाटतो, तिथेच फसतात लोक. रजिस्ट्रेशनसाठी, प्रोसेसिंगसाठी, कशासाठीही पैसे मागितले की समजायचं चोर आहे. ओटीपी तर नाहीच द्यायचा.

आणि हो, जिंकल्यावर ३० टक्के टीडीएस कापतात, तो प्रश्न तुमच्या आईंना आत्तापासून पाठ असू दे.

म्हापशेकार:
उशीरा येतोय धाग्यावर. महादेवशास्त्री जोशी आमच्या गोव्याचे, सत्तरीतल्या आंबेड्याचे, हे इथे कुणीतरी लिहायला हवं होतं म्हणून लिहितोय. संस्कृतिकोशाबद्दल वरच्या ताईंशी सहमत.

त्यात मी मराठी विश्वकोश जोडतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केला, वीस खंड, नेटवर फुकट आहे. बरेच लोक म्हणतात जुना झाला, आणि देशांची लोकसंख्या, राजधान्या, विज्ञानातलं नवीन वगैरे त्यातून घेऊच नये हे खरंय. पण ज्वालामुखी, जिराफ, जायफळ ह्या गोष्टी कुठे जुन्या होतात? मी तो असाच वाचतो, एका नोंदीत दुसरा शब्द दिसला की तिकडे, तिथून तिसरीकडे. जायफळावरून निघालो की मोलुकू बेटं, तिथून डच, डचांवरून जावा, रात्रीचे साडेबारा. बायको विचारते काय करताय, काय सांगणार. बझर म्हणतायत ती शेजारी शेजारी बसणारी वाक्यं अशीच बसतात. कुमार विश्वकोश पण आहे, मुलांसाठी असला तरी विज्ञान कच्चं असणाऱ्याने तिथून सुरुवात केली तर भाषा सोपी वाटते.

डेन्मार्कच्या प्रश्नावर आमच्याकडे कुणी अडकला नसता हां. पोर्तुगीज १९ डिसेंबर १९६१ पर्यंत कुठेच गेले नव्हते हे आम्हाला आजीने सांगितलंय, गाईडने नाही.

बझर_दाबला_की:
@म्हापशेकार जायफळ ते साडेबारा, हेच ते. माजघरातून ताई, शंखांचा प्रश्न पुढच्या क्विझला घेतोय, परवानगी गृहीत धरतो.

कृष्णाकाठची:
अपडेट. वही सुरू झालीय. पहिल्या पानावर सहा शंख आहेत आणि खाली लिहिलंय 'भीम पौंड्र, विसरू नये'. दहावीचा इतिहास चार दिवसात संपवला, सर म्हणाले तसंच झालं, सोडायलाच तयार नव्हती. काल जेवताना तिने बाबांना विचारलं वीसच्या नोटेवर काय आहे, बाबांनी पाकीट काढलं तर वीसची नोटच नव्हती, मग यूपीआयला शिव्या देऊन झाल्या. घड्याळाचा सराव मीच घेतेय, दहातली सहा येतात, खेळाची चारही जातात. भूगोलात सध्या ब्राझीलवर आहे आणि घरात सगळ्यांना अ‍ॅमेझॉनबद्दल ऐकावं लागतंय.

आता एकच. शेजारच्या मुलाची पूर्वपरीक्षा जवळ आलीय, त्याला दहावीची दोन्ही पुस्तकं परत द्यायचीत आणि आईच्या पेन्सिलच्या खुणा खोडून द्यायच्यात. कुणाकडे नववी-दहावीचे जुने इतिहास-भूगोल पडून असतील तर मेसेज करा, सांगली-मिरजेत असाल तर मी येऊन नेते.